महायुद्धातल्या वैमानिकाचं लॉगबुक हाती आलंय, वाचायचं कसं?

मंगळवारपेठ_वाचनालय

नमस्कार मंडळी. एका दिवंगत वैमानिकाचं फ्लाइंग लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, कुटुंबाने आमच्या वाचनालयाला दिलंय. १९४० ते १९४५. पहिल्याच ओळीत जुहूच्या फ्लाइंग क्लबचे तास पुढे ओढलेत, मग टायगर मॉथ, हार्वर्ड ही शिकायची विमानं आणि शेवटी ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर हरिकेन हे लढाऊ विमान. दिवाळीनंतर छोटं प्रदर्शन करायचंय. कोल्हापुरात महायुद्ध म्हटलं की गाडी वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पवरच येऊन थांबते, म्हणून हे जरा वेगळं.

आता अडलंय कुठे ते सांगतो. सगळे रकाने मिळवले की आमची बेरीज त्यांच्या एकूण तासांपेक्षा बरीच जास्त येते. हरिकेनच्या पहिल्या दिवशी शिक्षकाबरोबरचं उड्डाण नाहीच, मग शिकवलं कोणी? काही नोंदी लाल शाईत आहेत, त्या का? मध्ये चिकटवलेल्या कागदावर ‘ॲव्हरेज’ असा शेरा आहे. घरच्यांना तो प्रदर्शनात नकोय. एका सभासदाचा आग्रह आहे की ‘हे उजळाईवाडीला उतरले होते’ (म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर) असंही लिहा. आणि शेवटची पाच-सहा पानं एकमेकांना चिकटलीत.

टेलव्हील

हे फॉर्म ४१४ दिसतंय, रॉयल एअर फोर्सचाच नमुना इकडेही चालायचा. उजव्या पानावरचे रकाने एकदा समजले की अर्धं काम झालं.

१ ते ४ एका इंजिनाच्या विमानांचे: दिवसा ड्युअल (शिक्षकाबरोबर), दिवसा पायलट, रात्री ड्युअल, रात्री पायलट. ५ ते १० अनेक इंजिनांच्या विमानांचे. ११ म्हणजे प्रवासी म्हणून बसलेले तास. १२ आणि १३ इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगचे, म्हणजे हुडाखाली (बाहेरचं दिसू नये म्हणून ओढलेल्या पडद्याखाली) किंवा ढगात नुसत्या घड्याळांवर केलेलं उड्डाण. ग्रँड टोटलच्या ओळीतच छापलेलं असतं की बेरीज फक्त १ ते १० ची. इन्स्ट्रुमेंटचे तास त्या दहांत आधीच मोजलेले असतात आणि प्रवासाचे तास धरतच नाहीत. तुम्ही सगळंच मिळवलंत म्हणून आकडा फुगला. लिंक ट्रेनरचे तासही कुठे लिहिलेले असतील. ते उड्डाणाच्या सरावासाठीच्या, जमिनीवरच्या खोक्यातले, बेरजेत घेऊ नका. एवढं करूनही फरक राहिलाच तर महिन्याच्या शेवटचा गोषवारा बघा. त्यावर फ्लाइट कमांडरची सही असते, आणि पान उलटताना पुढे ओढलेल्या आकड्यात हातचा चुकणं फार सर्रास. चूक सापडली तर मूळ आकडा तसाच दाखवा, तुमची बेरीज शेजारी वेगळी द्या.

लाल शाई: नियमाने रात्रीचं उड्डाण लाल. पण बऱ्याच स्क्वाड्रनमध्ये शत्रूवरच्या मोहिमाही लाल शाईत लिहायची पद्धत होती. ओळखायचं कसं, तर तास कुठल्या रकान्यात पडलेत ते बघा. ३ किंवा ४ मध्ये असतील तर रात्र. शाई लाल आणि तास २ मध्ये, तर दिवसाची मोहीम. हरिकेनच्या पानांवर दुसराच प्रकार जास्त सापडेल.

‘ॲव्हरेज’ लपवू नका ओ. तो फॉर्म ४१४ए, बदलीच्या किंवा कोर्स संपल्याच्या वेळी चिकटवायचे. शेऱ्याच्या पायऱ्या ठरलेल्या: एक्सेप्शनल, अबव्ह ॲव्हरेज, ॲव्हरेज, बिलो ॲव्हरेज. बहुतेकांना ॲव्हरेजच मिळायचं आणि त्याचा अर्थ ‘भरवशाचा वैमानिक’. त्याच कागदावर उड्डाणातल्या कुठल्या दोषावर लक्ष ठेवायचं ती ओळ असते. तिथे ‘निल’ (काही नाही) असेल तर घरच्यांना आधी ती दाखवा. निष्काळजीपणाबद्दलचा शेरा लाल शाईत आणि कौतुकाचा हिरव्या शाईत वेगळा यायचा. तो आहे का तेही तपासा.

माणसाला उडण्याचं वेड किती होतं ते मात्र शेऱ्यात सापडत नाही. त्यासाठी ‘ड्यूटी’चा रकाना ओळीने वाचा. मोहिमा नसलेल्या आठवड्यातही एअर टेस्ट, विमान पोहोचवणं, दुसऱ्याच कुठल्या जातीच्या विमानावर अर्धा तास, असल्या नोंदी दाट असतील तर गडी मागून मागून उडत होता. प्रदर्शनात पदकापेक्षा असं एक पान मोठं करून लावा.

उजळाईवाडीची धावपट्टी राजाराम महाराजांच्या काळातली, १९३९ ची, म्हणजे काळ जुळतो. पण ड्यूटीच्या रकान्यात कोल्हापूर हे नाव नसेल तर एक अक्षर लिहू नका. काळ जुळला म्हणजे माणूस उतरला असं होत नाही.

उचगाव_फाटा

हरिकेनचं सांगतो. एकच सीट, शिक्षक बसणार कुठे? पहिलंच उड्डाण एकट्याने. आधी हार्वर्डवर तपासणी व्हायची. त्यात आत ओढली जाणारी चाकं, बदलत्या पिचचा (पात्यांचा कोन बदलता येणारा) पंखा आणि ब्रेक, सगळं असतं. टायगर मॉथला यातलं काहीच नाही, शेपटीखाली चाकसुद्धा नाही, नुसती स्किड, म्हणजे घासत जाणारी पट्टी. हार्वर्ड झाल्यावर उभ्या हरिकेनमध्ये डोळे बांधून बसवायचे, आणि सांगितलेला दांडा किंवा बटण चाचपून बरोबर सापडलं की मगच सोडायचे.

पहिल्या टेकऑफला गडबड ठरलेली. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा दांडा) डाव्या हाताला, पण चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) यांचा एकच दांडा उजवीकडे, इंग्रजी एच आकाराच्या खाचेत. जमीन सुटली की उजव्या हातातली स्टिक डाव्या हातात घ्यायची आणि उजव्याने चाकं उचलायची. थ्रॉटलचा फ्रिक्शन नट आवळलेला नसेल तर डावा हात सुटताच थ्रॉटल मागे सरकतो आणि ऐन चढताना ताकद कमी होते. हात बदलताना स्टिक हलली की विमानाचं नाक खालीवर डुलतं. जमिनीवर उभे असलेले लोक त्या डुलण्यावरूनच नवखा ओळखायचे.

उकाड्यात दुसरी अडचण इंजिनाची. रेडिएटर पोटाखाली, टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून चालवताना, त्याला पुरेसा वारा मिळत नाही आणि मर्लिन इंजिन तापतं. त्यामुळे पार्किंगपासून टेकऑफपर्यंत रेंगाळायची सोय नाही. चाकांमधलं अंतर रुंद असल्याने कच्च्या धावपट्टीवर हे विमान चांगलं चालायचं, पण मऊ मातीत ब्रेक जोरात दाबला तर नाकावर जायचं. रिमार्कमध्ये ‘प्रँग’ (विमान आपटणं) दिसलं तर लगेच शत्रूची गोळी समजू नका.

पाटी करणार असाल तर हरिकेन २सी असं लिहिण्याआधी खात्री करा. २सी ला २० मिलिमीटरच्या चार तोफा, २बी ला .३०३ च्या बारा मशिनगन. दोन्हींत आतल्या टाक्यांचं पेट्रोल ९४ गॅलन: दोन पंखांत ३३-३३ आणि पुढची राखीव २८. लांबच्या फेरीला पंखांखाली ४४ गॅलनच्या जादा टाक्या.

जुने_कागद

चिकटलेली पानं आत्ता अजिबात ओढू नका, वाफ तर देऊच नका. लाल शाई पाण्यात विरघळते. एक ओलं बोट लागलं तरी नोंद गेली. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत पुस्तक उघडूच नये. सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवा, पुड्या पानांना टेकू देऊ नका. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की पानं कधीकधी आपणहून सैल होतात. नाही झाली तर संवर्धनाचं काम जाणणाऱ्याकडे द्या.

सेलोटेप नको, लॅमिनेशन नको, प्रदर्शनात पीव्हीसीचं पाकीट नको, पॉलिएस्टरचं घ्या. गंजलेल्या टाचण्या काढा, पण कागदाला कुठे भोक होतं त्याचा फोटो आधी घ्या. पुस्तक पूर्ण उघडून स्कॅनरवर दाबू नका. दोन उश्यांच्या मध्ये काटकोनाएवढंच उघडा आणि खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, प्रत्येक पानाचा सरळ वरून फोटो काढा. प्रदर्शनात एकच पान उघडं ठेवायचं तर रोज पान बदला, नाहीतर उजेडाने शाई उडते.

मंगळवारपेठ_वाचनालय

बेरीज जमली! टेलव्हील सर, आभार. आणखी दोन शंका. बऱ्याच ओळींपुढे ‘डी.एन.सी.ओ.’ लिहिलंय. आणि एकाने स्क्वाड्रनच्या डायरीची प्रत मिळवून दिली, त्यातली वेळ आणि सूर्योदय जुळत नाहीत. अंधारातच टेकऑफ झालेला दिसतो, पण लॉगबुकात तास दिवसाच्या रकान्यात आहेत.

टेलव्हील

डी.एन.सी.ओ. म्हणजे ड्यूटी नॉट कॅरिड आउट, काम न होता परत. त्या भागात बहुतेकदा हवामानामुळे. पावसाळ्यात ढग डोंगरांच्या माथ्यावर बसले की दऱ्या बंद. उडालेले तास मात्र मोजले जातात, तेव्हा बेरजेतून वगळू नका. जवळच ‘टॅक/आर’ दिसेल, ती शत्रूच्या हालचालींची टेहळणी. ती जोडीने चालायची: पुढचा खाली बघणार, मागचा त्याची शेपूट राखणार. डायरीत त्या दिवशीचं दुसरं नाव शोधा, जोडीदार सापडेल.

वेळेचं कोडं आधी घड्याळात शोधा. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ भारतात घड्याळं एक तास पुढे होती, ग्रीनिचपेक्षा साडेसहा तास. तुम्ही सूर्योदय आजच्या वेळेने काढला असेल तर तो एक तास पुढे ढकला. पण तुमचा फरक उलट्या दिशेचा आहे, म्हणजे डायरी ग्रीनिचच्या वेळेत लिहिलेली असू शकते. डायरीच्या फॉर्म ५४१ च्या माथ्यावर किंवा पहिल्या पानावर तसा उल्लेख आहे का बघा. फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा गोषवारा, ५४१ म्हणजे विमानागणिक वर गेल्याची आणि उतरल्याची वेळ. तारीख, विमानाचं अक्षर आणि उड्डाणाचा अवधी असं तिन्ही जुळलं तरच नोंद एक धरा. विमानाचा पूर्ण नंबर दोन अक्षरं आणि तीन आकडे असा असतो, पण लॉगबुकात बरेच जण नुसतं विमानावर रंगवलेलं ओळखीचं अक्षर लिहायचे.

आणि पाटीवर ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ लिहाल तर फक्त मार्च १९४५ नंतरच्या पानांसाठी. त्याआधी नुसतं इंडियन एअर फोर्स.