दोघांनाही एसएस, मग भावालाच इतकं का दुखतं?

चेंबूरची_थोरली

नमस्कार. मी २६ वर्षांची, भाऊ १९. दोघांनाही सिकलसेल, दोघांचाही एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलचं जनुक आई आणि बाबा दोघांकडूनही आलेलं. आई-बाबा वाहक आहेत, त्यांच्याकडे ते एकेकच. मूळचे आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. बाबांच्या नोकरीमुळे मी शाळेत असताना चेंबूरला आलो.

मला मोठा क्रायसिस, म्हणजे सिकलच्या दुखण्याचा झटका, वर्षातून एखादा येतो, तोही पावसात भिजले किंवा ताप येऊन गेला की. भावाला दर दीड-दोन महिन्यांनी येतो. गेल्या मंगळवारी रात्री दोन वाजता त्याच्या नडग्या आणि कंबर दुखायला लागली. गरम पाण्याची पिशवी झाली, पॅरासिटामॉल झाली, डॉक्टरांनी लिहून दिलेली ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची जास्त जोरकस गोळी झाली. कशानेच उतार नाही. रिक्षात प्रत्येक गतिरोधकाला तो माझं मनगट आवळत होता, तोंडातून शब्द काढत नव्हता.

कॅज्युअल्टीत ड्युटीवरच्या मॅडमनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, "याचं हिमोग्लोबिन तर १०.२ आहे. बहिणीचं ८.४, ती कुठे येते सारखी? यालाच बरं इंजेक्शन लागतं." मी तिथेच उभी होते. माझंच उदाहरण देऊन त्याला खोटं पाडलं. घरीही हेच चालतं. मामा म्हणतो, "ताईकडे बघ, तुझाच आजार घेऊन ती नोकरी करते." आणि त्याच्या दहावीच्या वर्षी मीसुद्धा त्याला म्हणाले होते, "थोडं सहन करायला शीक." ते शब्द अजून टोचतात.

आई-बाप तेच, घर तेच, आजार तोच. मग हा फरक येतो कुठून? एचपीएलसीचे (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) जुने रिपोर्ट काढले. हिमोग्लोबिन एफ माझं २३.६ टक्के, त्याचं १२.८. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, माझा ८६, त्याचा ६९. दोघांनाही तेव्हा फक्त फोलिक ॲसिड चालू होतं. सिकलवरची हायड्रॉक्सीयुरिया गोळी कधीच घेतली नाही, कारण कोणीतरी आईला सांगितलं की ती कॅन्सरची गोळी आहे.

परळ_लॅब

ताई, आकडे दिलेत ते फार बरं केलंत. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये माझी चौदा वर्षं गेली. हे चार आकडे एकत्र ठेवले की चित्र बरंच स्पष्ट होतं.

सिकलचा दोष एकाच जागी असतो, ११ व्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात. प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं. एवढ्यानेच ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. बाळपणीचं हिमोग्लोबिन एफ त्या काड्यांमध्ये सामील होत नाही. पेशीत ते जितकं जास्त, तितक्या काड्या कमी.

आपल्याकडच्या सिकल जनुकाच्या आजूबाजूचा पट्टा बहुतेक वेळा अरब-इंडियन प्रकारचा असतो आणि त्याच्यासोबत एफ जास्त राहतं. म्हणून भारतातला सिकल सौम्य असं बरीच वर्षं म्हटलं गेलं. विदर्भातल्या किती घरांना हे पटेल, तुम्हीच सांगा.

आता तुमच्या प्रश्नाचं मूळ. तुम्ही दोघं एसएस, म्हणजे आईचं एस असलेलं ११ वं गुणसूत्र तुम्हालाही आलं आणि त्यालाही. बाबांचंही तसंच. त्यामुळे सिकलचा तो पट्टा तुम्हा दोघांचा सहसा अगदी सारखाच असणार. फरक तिथे नाहीच. एफ किती राहणार हे ठरवणाऱ्या आणखी जागा आहेत, दुसऱ्या गुणसूत्रावर बीसीएल११ए आणि सहाव्यावर एचबीएस१एल-एमवायबीचा भाग. त्यांची वाटणी वेगळी होते आणि सख्ख्या भावंडांतही वेगवेगळी पडू शकते. तुमचं एफ त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे ते याच वाटेने आलं असावं. (नव्या जनुकीय उपचारात याच बीसीएल११एला रक्तपेशींमध्ये गप्प करतात, म्हणजे एफ परत वाढतं. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.)

त्याचं हिमोग्लोबिन जास्त म्हणून तो खोटा, हे तर अगदी उलट आहे. एमसीव्ही ६९ बघून मला अल्फा थॅलेसेमियाची शंका येते. हिमोग्लोबिनचा दुसरा भाग अल्फा ग्लोबिन, त्याची चार जनुकं असतात, १६ व्या गुणसूत्रावर. त्यातलं एखादं-दोन नसलं की सिकलच्या पेशी लहान होतात, कमी फुटतात आणि हिमोग्लोबिन वर राहतं. पण रक्त दाट होतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात हेच दिसलं होतं, ज्यांचं एफ कमी आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) जास्त त्यांना दुखण्याचे झटके जास्त. तुमच्या भावाकडे दोन्ही आहे!

मात्र लोह कमी असलं तरी एमसीव्ही उतरतो, म्हणून आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा. अल्फाच्या तपासणीचं हिमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना विचारा. केईएम हॉस्पिटलच्या आवारातल्या एनआयआयएच या राष्ट्रीय संशोधन संस्थेत हिमोग्लोबिनच्या आजारांवरच काम चालतं.

नंदुरबारकर_नालासोपारा

मी स्वतः एसएस, वय ४४. ट्रॅमाडॉलचं वाचलं आणि लिहायला बसलो.

मला ती गोळी कधीच लागू पडली नाही. मळमळ तेवढी व्हायची. लोक समजायचे, याला आता जास्त कडक औषधाची चटक लागलीय. पुढे एका डॉक्टरांनी नीट समजावलं. ट्रॅमाडॉल आणि कोडीन पोटात गेल्यावर यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम त्यांचं जास्त जोरकस औषधात रूपांतर करतं. काहींचं हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं. त्यांनी गोळी घेतली काय आणि न घेतली काय, सारखंच. काहींचं उलट फार वेगवान असतं, त्यांना नेहमीचा डोससुद्धा धोक्याचा ठरू शकतो. म्हणून घरी डोस वाढवत बसू नका. "ही गोळी याला लागत नाही" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मी एक कागद लॅमिनेट करून पाकिटात ठेवतो. कोणतं औषध, किती डोस, कशाने उतार पडला, खाली माझ्या डॉक्टरांची सही. रात्री दोन वाजता तो कागद माझ्यासाठी बोलतो.

आणि आईंना सांगा, हायड्रॉक्सीयुरिया कॅन्सरमध्येही देतात हे खरं, पण सिकलमध्ये ती एफ वाढवायला देतात. १९९५ च्या चाचणीत मोठ्या माणसांचे क्रायसिस तिने जवळपास निम्म्यावर आणले. वेळोवेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावी लागते, मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. मी अकरा वर्षं घेतोय.

रेसिडेंट_दुसरं_वर्ष

वर सगळं रक्ताबद्दल आलंय, मी नसांबद्दल थोडं लिहिते. रक्त अडून हाडाला ऑक्सिजन कमी पडणं ही सुरुवात. ती कळ मेंदूपर्यंत किती जोरात पोचते, यातही माणसामाणसात जनुकांचा फरक असतो. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन रुग्णांमध्ये जीसीएच१ या जनुकातल्या एका फरकाचा वारंवार क्रायसिस येण्याशी संबंध सापडला आहे. त्यासाठी बाजारात तपासण्या शोधू नका, त्यावरून आज उपचार ठरत नाहीत. शिवाय तीच जागा वर्षानुवर्षं दुखत राहिली की नसाही जास्त संवेदनशील होतात.

एक मात्र मनापासून सांगते. हॉस्पिटलच्या फेऱ्यांवरून दुखणं मोजू नका. अमेरिकेत मोठ्या वयाच्या रुग्णांनी रोजची डायरी ठेवली, तेव्हा निम्म्याहून जास्त दिवस त्यांना दुखत होतं आणि बहुतेक दिवस त्यांनी घरीच काढले होते. ताई, तुम्हाला "वर्षातून एखादा" येतो म्हणालात. बाकीचे दिवस काहीच दुखत नाही का?

चेंबूरची_थोरली

हा प्रश्न वाचून मी बराच वेळ मोबाइल हातात धरून बसले. दुखतं. उजव्या खुब्यात, जिना चढताना, दिवाळीपासून रोज. कुर्ल्याचा पूल चढताना मी कठड्याला धरून चढते. ते सिकलच्या दुखण्यात धरायचं असतं हे मला कधी सुचलंच नव्हतं.

रेसिडेंट_दुसरं_वर्ष

खुब्याचं टाळू नका. सिकलमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. सुरुवातीला एक्सरे नॉर्मल येतो, एमआरआयमध्ये कळतं. भावासोबत तुम्हीही दाखवा.

चेंबूरची_थोरली

गुरुवारी दोघंही जाऊन आलो. त्याचं फेरिटिन व्यवस्थित आहे, म्हणून अल्फाच्या तपासणीची चिठ्ठी मिळाली. हायड्रॉक्सीयुरियाचं आईने स्वतः डॉक्टरांना विचारलं, रक्त तपासून सुरू करणार आहेत. ट्रॅमाडॉल बंद, आणि कागद करून दिला, सहीसकट. माझा एमआरआय पुढच्या बुधवारी.

परळ_लॅब दादांचं उत्तर मी मामाला फोनवर पूर्ण वाचून दाखवलं. भाऊ बाजूलाच झोपला होता, निदान मला तसं वाटलं. फोन ठेवल्यावर म्हणाला, "ते दाट रक्ताचं परत वाच."