दातांचे अनुभव: दाढ ठणकायच्या आधी डॉक्टरकडे कोण गेलंय?

रविवारचा_चहा
पावसाळी भटकंतीच्या धाग्यावर कुणीतरी "निघायच्या आदल्या रात्री दाढ ठणकली" असं लिहिलं आणि गड बाजूला राहून दातच सुरू झाले. तेव्हा सगळे इकडे या. दाढा, हिरड्या, कवळी, पोरांचे किडलेले दात, काहीही चालेल. डॉक्टरांची नि दवाखान्यांची नावं मात्र नकोत. आणि घरगुती उपाय लिहिलात तर पुढे काय झालं तेही लिहा. लवंगेच्या तेलाने ठणका थांबला, इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.

सुरुवात आमच्या घरापासून. नवऱ्याला आधी गार पाणी झोंबायचं. मग गरम चहाने कळ यायची ती बराच वेळ जायची नाही. मग एके दिवशी सगळं बंद. स्वारी खूश! दाढ बरी झाली नव्हती, आतली नस मेली होती. गाल सुजल्यावर ते कळलं. आधी सूज उतरवली, मग रूट कॅनॉल. त्याची त्याने भलती धास्ती घेतली होती, पण इंजेक्शननंतर दुखलं असं नाहीच. तोंडावर रबराचा पडदा ताणतात, दाढ तेवढी वर डोकावते. मग बारीक कानशी मुळांत फिरवून आतली घाण काढतात. कानस मुळाच्या टोकाशी पोचली की यंत्र टुं-टुं करतं. खरा वैताग आ वासून पडून राहण्याचा. आणि नंतर कॅप बसवायला चालढकल नको. आतून पोखरलेल्या दाढेचा चिक्की खातानाही तुकडा पडतो.

कोरडी_भेळ
स्केलिंग, म्हणजे दातांवर साचून कडक झालेला थर (किटण) खरवडून काढणं, ते केल्यावर दात हलायला लागतात का? सासूबाईंचं तसं ठाम मत आहे.

पक्कडवाला (पेशाने दंतवैद्य)
सासूबाईंना नमस्कार सांगा, आमच्या अर्ध्या पेशंटांचं हेच मत आहे. किटणावर जंतू बसतात, त्यांनी हिरडी सुजते आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. म्हणजे दात आधीच सैल झालेला असतो, किटणाने तो शेजारच्याशी जखडलेला असतो इतकंच. ते काढलं की हललेलं कळतं आणि बिल आमच्या नावावर फाटतं. शुगरवाल्यांनी तर हिरड्यांकडे जास्तच पाहावं. हिरड्या सुजलेल्या असल्या की शुगर आवरत नाही आणि शुगर वाढली की हिरड्या बिघडतात. ब्रश करताना रक्त येतं म्हणून लोक तेवढी जागा सोडून देतात. तिथेच मऊ ब्रशने नीट साफ करायला हवं.

पांढरकवडेकर
आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. माझ्या वयाच्या पोरांचे समोरचे दात पाहिले की गाव ओळखू येतं. खडूसारखे पांढरे पट्टे नि मध्ये तपकिरी डाग. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. आजोबा उघड्या विहिरीच्या पाण्यावर वाढले, त्यांचे दात म्हातारपणीही स्वच्छ होते. आम्ही हापशीच्या पाण्यावर वाढलो. नागपूरला होस्टेलात पहिला प्रश्न, "खर्रा कधीपासून खाऊन राहिला बे?" आयुष्यात तो तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला नाही.

हे डाग वरून चढलेले नसतात. दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतल्या वयात, ते पडतात. त्यामुळे मीठ, कोळसा, लिंबू काहीही घासा, जात नाहीत, उलट दात झिजतात. पाणी उकळूनही उपयोग नाही, पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 ही शेवटची मर्यादा. आता घरी आरओ आहे, पोरीचे दात चांगले आहेत. बहिणीने लग्नाआधी समोरच्या दातांवर दाताच्याच रंगाचं कॉम्पोझिट लावून घेतलं. छान दिसतं, पण ते कधीतरी टवका जाऊन पुन्हा करावं लागणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

डबा_विसरले
ज्यांची मुलं सहाच्या आसपास आहेत त्यांच्यासाठी. त्या वयात दुधाच्या दाढांच्या मागे, वर-खाली दोन्ही बाजूंना, एकेक नवी दाढ येते. आधी काहीच पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं कळतही नाही. ती कायमची दाढ! लेकीच्या शाळेतल्या तपासणीत तिच्या खाचेत काळी रेघ सापडली. आजी म्हणत होत्या, "दुधाचीच असेल, पडेल." वेळेवर कळलं म्हणून छोट्या फिलिंगवर भागलं. बाकीच्या तीन दाढांच्या खाचा सीलंट लावून बुजवून घेतल्या. सुई नाही, ड्रिल नाही, रडारड नाही.

थेम्सकाठी
इंग्लंडमध्ये अठराच्या आतल्या मुलांना एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दातांचे पैसे पडत नाहीत. मोठ्यांना तीन टप्प्यांत ठरलेले दर आहेत. दर दिसतात बरे, पण नवा पेशंट घेणारा दवाखाना मिळेल तर शपथ. म्हणून इथली मराठी मंडळी भारतवारीत दात उरकतात. फिलिंग, रूट कॅनॉल, कॅप हे तीन आठवड्यांच्या सुट्टीत नीट बसतं. इम्प्लांटचं मात्र तसं नाही. स्क्रू हाडात रुजायला बहुतेकदा काही महिने जातात, मग वरचा दात बसतो. दोन वाऱ्या धरूनच चाला. घाईत सगळं एकाच फेरीत उरकू म्हणणाऱ्याला हाडाचं काय, ते आधी विचारा. आणि एक्स-रे सोबत आणा, इथला डॉक्टर पहिलं तेच मागतो.

कऱ्हाडचा_भाचा
मशेरीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? आमची आत्या दुपारी तव्यावर तंबाखू भाजायची, गल्लीभर ठसका. "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे तिचं पालुपद. बोट कायम उजव्या गालात. तिथेच पांढरा चट्टा उठला. दुखत नव्हता, पुसून निघत नव्हता. कवळीचं माप द्यायला गेली तेव्हा डॉक्टरांनी आरशाने गाल बाजूला करून पाहिला आणि माप राहिलं बाजूला. आधी तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला नाही, पण मशेरी सुटली नाही तर पुढे होऊ शकतो असं स्पष्ट सांगितलं. आत्या ऐकेना. शेवटी नातसुनेने तवाच लपवला. पहिले काही दिवस घरात कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. आता तिथे बडीशेप असते, चट्टा फिका झालाय, तरी दर काही महिन्यांनी दाखवायला नेतो.

पक्कडवाला
अगदी बरोबर केलंत. तोंडात कुठेही दोन आठवड्यांत न भरणारं काही असेल, तर जेल लावत बसू नका, दाखवा. सुपारी खाणाऱ्यांनी तोंड तीन बोटं मावण्याइतकं उघडतंय ना, हेही पाहावं. आणि मुलाचा कायमचा दात खेळताना मुळासकट निघाला, तर मुळाला हात लावू नका, घासू नका. पटकन दुधात टाका नि तासाभराच्या आत गाठा. बऱ्याचदा परत बसतो.

कोरडी_भेळ
दुधात! हे फ्रीजवर लिहून ठेवते. सासूबाई स्केलिंगला तयार झाल्यात, पण "आधी तू करून घे, तुझे हलले नाहीत तर मी" म्हणतात. शनिवारची वेळ घेतली आहे, माझी.