मदत हवी आहे: इनलाइनवरून बर्फावर जाताना ब्लेड कुठलं घ्यावं?

फोंडेकर: लेक मडगावला इनलाइन स्पीड (एका ओळीत चाकं असलेल्या स्केटवरची शर्यत) करते, ११० मिमीच्या चाकांवर. पुढच्या महिन्यात देहरादूनला बर्फावर सराव आहे. ब्लेड आजच मागवायचंय. कुठलं घेऊ? लवकर सांगा.

वळणप्रेमी: शॉर्ट ट्रॅक (बंदिस्त रिंकवरची छोटी फेरी) की लाँग ट्रॅक (४०० मीटरची मोठी फेरी)? बूट कुठला? बुटाच्या तळाला ब्लेड बसवायच्या बोल्टमधलं अंतर किती?

फोंडेकर: बंदिस्त रिंक आहे, ६० बाय ३० मीटर. बूट इनलाइनचाच, अंतर १९५ मिमी.

वळणप्रेमी: म्हणजे शॉर्ट ट्रॅक, लॅप १११.१२ मीटर. क्लॅप ब्लेड, म्हणजे टाचेकडून सुटणारं बिजागरीचं ब्लेड, तिथे चालत नाही. रॉकरची, म्हणजे ब्लेडच्या लांबीतल्या बाकाची, त्रिज्या साधारण ८ ते १० मीटर बघा. लाँग ट्रॅकचं ब्लेड त्याहून पुष्कळ सपाट असतं, इतक्या आवळ वळणात ते वळतच नाही. दोन्ही पायांचं ब्लेड मध्यावर न लावता डावीकडे सरकवून बसवा, नाहीतर वळणात डावीकडे झुकल्यावर बुटाची कड बर्फाला टेकते, ब्लेड सुटतं आणि स्केटर थेट कडेच्या पॅडवर.

बेअरिंगवाला: १९५ जुळतं ना, मग त्याच बुटावर ब्लेड चढवा. नवीन बूट कशाला?

वळणप्रेमी: बोल्ट जुळले म्हणून काम झालं नाही, बाब. इनलाइनचा बूट घोट्याशी आखूड. शॉर्ट ट्रॅकचा उंच आणि कडक, कारण वळणात सगळा भार घोट्यावर येतो.

बेअरिंगवाला: पहिल्या आठवड्यात कोण एवढं झुकतं? चार दिवसांसाठी बूट घेणं चैन आहे.

मांडवीकाठ: मी म्हणतो, गोव्यातच बर्फाची रिंक का नको? हॉल तर आहेत.

थंडगार: हॉल असून भागत नाही. काँक्रीटमध्ये नळ्या, त्यांतून थंड ग्लायकॉल (न गोठणारा द्रव), वर दोन-तीन सेंटिमीटर बर्फ. आपल्या दमट हवेतली वाफ बर्फावर गोठते, पृष्ठभाग खरबरीत होतो, वर धुकं. थंड करणाऱ्या चिलरइतकाच हवेतली ओल काढणारा डिह्युमिडिफायर तगडा लागतो. वीजबिल कोण भरणार ते आधी ठरवा.

शिवोलीकर: पावसाळ्यात फरशीवर चाक घसरत असेल तर मऊ चाक लावा.

वळणप्रेमी: शिवोलीकर, प्रश्न ब्लेडचा आहे. फोंडेकर, रिंकवर भाड्याने शॉर्ट ट्रॅकचे बूट मिळतात का, आधी फोन करा. मिळाले तर आज काहीच मागवू नका. ब्लेड घेतलंत तर टाचेकडचं टोक किमान १० मिमी त्रिज्येने गोल केलेलं हवं. गोव्यात आणल्यावर कोरडं पुसून कापडी कव्हरात ठेवा. प्लास्टिकचं गार्ड फक्त चालण्यापुरतं, त्यात ओल राहून धार गंजते.

फोंडेकर: फोन करते. गळ्याचं गार्ड वेगळं घ्यायचं?

वळणप्रेमी: हो, न कापलं जाणारं. आणि हातमोजेसुद्धा तसलेच.