मेनो सिमन्स: मत बदलले, पण चर्च सोडायला इतकी वर्षे का लागली?

रायपूरकर यांचा प्रश्न

मध्यंतरी छत्तीसगडमधील धमतरीला नातेवाइकांकडे गेलो असताना तेथील मेनोनाइट चर्चची पाटी पाहिली आणि हे नाव कोठून आले असावे, याचा शोध घेऊ लागलो. ते नेदरलँड्समधील फ्रीसलंड प्रांतातल्या मेनो सिमन्स (१४९६–१५६१) या धर्मगुरूवरून पडले, एवढे समजले. परंतु त्याच्या चरित्रातील दोन गोष्टी मला उलगडत नाहीत. १५२४ मध्ये तो कॅथलिक धर्मगुरू झाला आणि पुढच्या वर्षभरातच मिस्सेतील, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनाविधीतील, भाकर व द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात का, अशी शंका त्याला येऊ लागली. पुढे बालकांच्या बाप्तिस्म्यावरचाही त्याचा विश्वास उडाला. असे असूनही त्याने चर्च सोडले ते थेट ३० जानेवारी १५३६ रोजी. मधली दहा-अकरा वर्षे तो काय करत होता? आणि ज्या ॲनाबॅप्टिस्टांनी, म्हणजे मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या पंथीयांनी, जर्मनीतील म्युन्स्टर शहर शस्त्रांच्या बळावर ताब्यात ठेवले, त्यांच्यामधूनच शस्त्र हाती न धरणारा समाज कसा निर्माण झाला?

जुनी_पाने यांचे उत्तर

आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, आणि ते स्वतः मेनोनेच दिले आहे. १५५४ मध्ये गेलियस फाबर या एम्डेनच्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाला उत्तर देताना त्याने आपल्या मतांतराची हकिकत लिहिली. तीत त्याने स्वतःला अजिबात सांभाळून घेतलेले नाही. पिंग्युम गावी इतर दोन धर्मगुरूंबरोबर पत्ते खेळण्यात आणि पिण्यात आपले दिवस कसे जात, धर्मगुरू असूनही आपण बायबल उघडलेले नव्हते आणि ते वाचले तर आपण भरकटू अशी भीती कशी वाटे, हे तो सरळ सांगतो. मिस्सेविषयीची शंका ही सैतानाने मनात घातलेली आहे, असेही त्याला आरंभी वाटले होते. अखेर त्याने नवा करार वाचला, तेव्हा त्या शंकेचे रूपांतर मतात झाले. मात्र आचरणात काहीच फरक पडला नाही.

बाप्तिस्म्याचा प्रश्न त्याच्यापुढे आला तो एका मृत्युदंडामुळे. मार्च १५३१ मध्ये लेउवार्डेन येथे सिके नावाच्या शिंप्याचा शिरच्छेद झाला. त्याचा अपराध एवढाच, की लहानपणी झालेला बाप्तिस्मा न मानता त्याने मोठेपणी स्वेच्छेने पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता. ‘दुसरा बाप्तिस्मा’ हे शब्द मेनोच्या कानांना फार विचित्र वाटले. त्याने बायबल पुन्हा धुंडाळले, वरिष्ठ धर्मगुरूशी वाद घातला आणि मग ल्यूथर, बुत्सर व बुलिंगर या सुधारकांची पुस्तके पाहिली. तिघांचाही बालकांच्या बाप्तिस्म्याला पाठिंबा होता, पण प्रत्येकाचे कारण वेगळे होते. मेनोच्या सांगण्यानुसार, एकाच्या मते बालकालाही स्वतःची श्रद्धा असते, दुसऱ्याच्या मते या विधीमुळे आईवडील मुलाच्या धार्मिक संगोपनाकडे अधिक लक्ष देतात आणि तिसऱ्याच्या मते जुन्या करारातील सुंतेची जागा आता बाप्तिस्म्याने घेतली आहे. एका विधीसाठी तीन पंडित तीन कारणे देतात म्हटल्यावर मूळ ग्रंथात याचा आधारच नसावा, असा निष्कर्ष त्याने काढला.

एवढे होऊनही त्याने काय केले, तर विटमार्सुम या स्वतःच्या जन्मगावी बदली स्वीकारली. लौकिक आणि उत्पन्न यांच्या लोभाने आपण तेथे गेलो, हे त्याचेच म्हणणे आहे. बायबल जाणणारा प्रवचनकार म्हणून त्याचे नाव होत होते आणि मिस्सा चालूच होती.

हे सुखाचे जिणे मोडले ते १५३५ च्या वसंत ऋतूत. म्युन्स्टरच्या हाकेने पेटलेल्या सुमारे तीनशे ॲनाबॅप्टिस्टांनी बोल्सवार्डजवळचा एक मठ ताब्यात घेतला. सरकारी फौजेने आठवड्याभरात तो परत जिंकला आणि आतील बहुतेक जण मारले गेले. त्यांत मेनोचा भाऊही होता, असे सांगतात. म्युन्स्टरवाल्यांच्या तलवारीविरुद्ध मेनो आधीपासूनच बोलत होता, त्यामुळे हे लोक चुकले याविषयी त्याला शंका नव्हती. त्याला छळत होती ती वेगळीच गोष्ट. चुकीच्या समजुतीसाठी का होईना, या माणसांनी प्राण दिले, आणि आपण मात्र सत्य ठाऊक असूनही आरामात जगतो आहोत. आपण वेळीच उघडपणे उभे राहिलो असतो, तर या मेंढरांना बरा मेंढपाळ मिळाला असता, असेही त्याला वाटले असणार. हा तर्क माझा आहे, परंतु त्याच्या लेखनाचा रोख तसा आहे. त्यानंतर सुमारे नऊ महिने त्याने स्वतःच्या व्यासपीठावरून उघडपणे नवी मते सांगितली आणि मग गाव सोडले. म्युन्स्टरच्या नेत्यांना, म्हणजे यान फान लायडन आणि त्याच्या दोन साथीदारांना, त्याआधी आठच दिवस हालहाल करून ठार मारण्यात आले होते. त्यांची प्रेते ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली, ते पिंजरे तेथील सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्यावर आजही लटकलेले आहेत.

म्हणून माझे मत असे, की मेनोची अहिंसा ही केवळ ग्रंथवाचनातून आलेली नाही. ती मठातील त्या प्रेतांच्या साक्षीने आलेली आहे. सुमारे वर्षभराने, त्या दंग्यांपासून दूर राहिलेल्या काही जणांनी येऊन त्याला नेतृत्वाची विनंती केली, आणि त्यांचा नेता ओबे फिलिप्स याने त्याला दीक्षा दिली. पुढे काही वर्षांतच खुद्द ओबेने हा पंथ सोडला. शिष्य मात्र शेवटपर्यंत राहिला. १५४२ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या शासनाने त्याच्या डोक्यावर शंभर गिल्डरचे इनाम लावले, पण त्याआधीच, १५३९ मध्ये, त्याला आसरा दिल्याबद्दल एका शेतकऱ्याला चाकावर हाडे मोडून मारण्यात आले होते.

लिमातकाठ यांचे उत्तर

वरील विवेचन उत्तम आहे. तथापि त्यावरून मेनो हा अहिंसक ॲनाबॅप्टिस्टांचा पहिला पुरुष असल्याचा समज होऊ नये. २१ जानेवारी १५२५ रोजी झ्युरिकमध्ये कोनराड ग्रेबेलने गेओर्ग ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला, तेव्हा मेनो पिंग्युममध्ये पत्तेच खेळत असावा. त्या गटातील फेलिक्स मांझ याला जानेवारी १५२७ मध्ये लिमात नदीत बुडवून मारले गेले, आणि तेही प्रॉटेस्टंट नगरसभेच्या हुकमाने. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्लाइटहाइम येथे ठरलेल्या सात कलमांत तलवार व शपथ या दोन्हींचा स्पष्ट त्याग आहे.

बाप्तिस्म्यासारख्या विधीपायी माणसे मारण्याचे कारण काय, असे आजच्या वाचकाला वाटेल. त्या काळी गावात जन्मलेले प्रत्येक मूल बाप्तिस्म्यानेच चर्चचे आणि पर्यायाने समाजाचे सदस्य होत असे. श्रद्धा ही ज्याने-त्याने स्वतः स्वीकारायची गोष्ट आहे असे म्हणणे, म्हणजे ही सारी घडी विस्कटण्यासारखेच होते. १५२९ मध्ये श्पायरच्या साम्राज्यसभेने पुनर्बाप्तिस्म्यासाठी देहदंडाचा हुकूम काढला, आणि त्याला कॅथलिक व ल्यूथरवादी या दोन्ही बाजूंची संमती होती.

रायपूरकर

दोघांचेही आभार. आता एक उपप्रश्न: हा समाज स्वतःच्या सदस्यांना वाळीत टाकत असे, असे वाचले. ज्यांना राज्यकर्त्यांनी छळले, त्यांनीच हे करावे?

उंबरठा यांचे उत्तर

होय, आणि मेनोच्या चरित्रातील हा भाग त्याच्या चाहत्यांना अडचणीचा वाटतो. चर्चची सदस्यता ऐच्छिक असेल, तर जो वचन मोडेल त्याला बाहेर ठेवण्याचा अधिकारही हवा, कारण त्याच्याविरुद्ध तलवार वापरायची नाही; इथवर त्यांचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण बहिष्कृताबरोबर जेवायचे नाही, व्यवहार करायचा नाही, आणि तो नवरा किंवा बायको असेल तर त्याच्यासोबत राहायचेही नाही, येथपर्यंत तो ताणला गेला. एम्डेनमधील स्वान रुत्गर्स हिने बहिष्कृत पतीला दूर करण्यास नकार दिला, तेव्हा लेनार्ट बाउवेन्स या कडक धर्मोपदेशकाने तिलाच बहिष्कृत करण्याची धमकी दिली. मेनोने १५५६ मध्ये पत्र लिहून या सक्तीला विरोध केला आणि पुढच्याच वर्षी कडक गटापुढे मान तुकवली. दक्षिण जर्मनीतील बांधवांना ही कठोरता मान्य नव्हती, त्यामुळे फूट पडली. १६९३ मध्ये याकोब आमानच्या अनुयायांनी, म्हणजे आजच्या आमिश लोकांनी, स्वित्झर्लंड व आल्सेस भागात वेगळी वाट धरली, तीही मुख्यतः याच मुद्द्यावरून. आपल्याकडे जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करावा लागला. मेनोच्या समाजात पंचायतीच्या जागी चर्चची मंडळी होती आणि त्यात प्रवेश जन्माने नव्हता. पण स्वानच्या घरात या भेदाने काय फरक पडला असता, हे मला सांगता येणार नाही.

जुनी_पाने

उंबरठा यांच्याशी मी सहमत आहे. मेनो येथे खचला. त्याची आणखी एक दुबळी बाजू म्हणजे ख्रिस्ताचा देह मरियेकडून आलेला नव्हता, तर स्वर्गीय होता, हे मेल्खिऑर होफमान या आधीच्या ॲनाबॅप्टिस्ट प्रचारकाकडून आलेले मत. १५४४ मध्ये एम्डेनला यान लास्की या सुधारकाशी आणि पुढे विस्मार या जर्मन शहरात असताना मार्टेन मिक्रोन या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाशी त्याचे यावर वाद झाले, आणि पुढच्या मेनोनाइटांनीही कालांतराने ते मत टाकून दिले.

धमतरीविषयी: १८९७ च्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइटांनी मदत पाठवली आणि १८९९ मध्ये तेथे मिशन सुरू केले. तेव्हा तो भाग मध्य प्रांतात होता व राजधानी नागपूर होती. मेनो स्वतः अखेरच्या काळात कुबडी घेऊन चाले. होल्स्टाइनमधील एका जमीनदाराने दिलेल्या आसऱ्यात, व्युस्टेनफेल्ड येथे, त्याने पुस्तके छापली आणि ३१ जानेवारी १५६१ रोजी तेथेच प्राण सोडला. चर्च सोडल्याला त्या वेळी पंचवीस वर्षे आणि एक दिवस झाला होता. त्याला घराच्या बागेत पुरले. ते गाव पुढे तीस वर्षांच्या युद्धात उद्ध्वस्त झाले आणि कबरीची जागा हरवली.