अनुभव धागा : ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा आणि त्यामागचा खरा बिघाड

धागाकर्ता, पुणे

गेल्या जुलैत ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे जाताना माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा (वेग घेताना चाके घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागला आणि पाठोपाठ एबीएसचाही (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचाही) लागला. निसरड्या चढावर हा दिवा क्षणभर लुकलुकला, तर यंत्रणा आपले काम करत असते. तो स्थिर पेटून राहिला आणि यंत्रणेचे बटण आपण बंद केलेले नसेल, तर बिघाड समजावा. दोन्ही दिवे एकत्र लागतात, कारण चाक घसरते आहे की नाही हे ट्रॅक्शन कंट्रोलला एबीएसच्याच, प्रत्येक चाकाचा वेग मोजणाऱ्या, चार सेन्सरांकडून कळते. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींमध्ये एबीएस बंधनकारक आहे, त्यामुळे हा प्रश्न आता केवळ महागड्या गाड्यांचा राहिलेला नाही.

पहिल्या मेकॅनिकने मल्टिमीटर लावून मागचा डावा सेन्सर बाद ठरवला. मात्र हल्लीच्या बहुतेक गाड्यांतील सेन्सरना वीजपुरवठा लागतो, आणि अशा सेन्सरचा केवळ रोध मोजून काहीही सिद्ध होत नाही. मी दुसरीकडे स्कॅनर लावून एबीएसचे कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक, वाचून घेतले. कोड त्याच चाकाचा निघाला, पण कनेक्टर उघडल्यावर आत पाणी आणि पितळी पिनांवर हिरवट थर दिसला. साफ करून तीन महिने गेले, नंतर दिवा परतला, तेव्हा कनेक्टरच बदलला. सेन्सर अजूनही मूळचाच आहे. आपापले अनुभव, विशेषतः चुकलेली निदाने, कृपया सविस्तर लिहावीत.

रत्नागिरी

आमच्या गाडीचे पुढचे उजवे बेअरिंग आवाज करत होते म्हणून बदलून घेतले, आणि गॅरेजच्या फाटकाबाहेर पडताच दिवा लागला. काम करताना सेन्सर दुखावला असेल, असे सांगून नवा सेन्सर बसवण्यात आला. दिवा कायम राहिला. वायरिंग तपासले, त्यातही दोष नव्हता. दोन आठवड्यांनी एका वयस्कर फिटरकाकांनी विचारले, "बेअरिंग कोणत्या बाजूने दाबलंत?" तोवर हा प्रश्न कोणाच्याही मनात आला नव्हता.

सेन्सरने वेग मोजावा म्हणून पूर्वी चाकासोबत फिरणारे दातेरी कडे असे, अनेक गाड्यांत आता ते नसते. त्याऐवजी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टा असतो आणि सेन्सर तोच वाचतो. दोन्ही बाजू डोळ्यांना जवळजवळ सारख्याच दिसतात. काकांनी खोक्यातले नवे बेअरिंग हातात घेऊन दोन्ही बाजूंना टाचणी टेकवून दाखवली. एका बाजूला ती किंचित चिकटली. तीच बाजू सेन्सरकडे यायला हवी होती. आमचे बेअरिंग उलटे बसले होते. दाबून बसवलेले बेअरिंग काढताना बहुधा निकामी होते, म्हणून तेही पुन्हा विकत घ्यावे लागले. बेअरिंगच्या कामानंतर लगेच दिवा लागला, तर सेन्सर मागवण्याआधी हे अवश्य तपासावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नाशिक

माझ्या गाडीत दिवा अधूनमधून लागे आणि त्याच वेळी क्रूझ कंट्रोलही (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) चालेनासे होई. ब्रेकच्या पेडलजवळचा, मागचे लाल दिवे लावणारा छोटा स्विच झिजला होता, त्यामुळे ब्रेक दाबला आहे की नाही हे या यंत्रणांना नीट कळत नव्हते. तो बदलताच दोन्ही तक्रारी थांबल्या.

नागपूर

चाकांची अलाइनमेंट करून आणल्यावर माझ्या गाडीत हा दिवा लागला. चाके सरळ झाली होती, पण स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरचा शून्यबिंदू जुनाच राहिल्याने गाडी वळते आहे असे यंत्रणेला वाटत होते. स्कॅनरने शून्यबिंदू नव्याने नोंदवला, सुटे भाग काहीच लागले नाहीत.

डेट्रॉइटजवळून

इथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्याने हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) गंज चढतो. माझ्या गाडीत सिग्नलला थांबण्याच्या बेतात, कोरड्या रस्त्यावरही, ब्रेकचे पेडल थरथरू लागले, म्हणजे एबीएस विनाकारण चालू होत होते. ट्रॅक्शनचा दिवा मात्र कधीतरीच लागत असे आणि कोडही नोंदलेला नसे. अखेर स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकाच वेळी आलेखात पाहत गाडी चालवली. ताशी पाच-सहा मैलांवर तीन चाके एकसारखी मंदावत होती आणि एकाचा वेग मात्र अचानक शून्यावर जात होता. सेन्सरखाली फुगलेल्या गंजाने त्याला कड्यापासून थोडे दूर ढकलले होते, त्यामुळे कमी वेगात संकेत क्षीण होऊन तुटत होता. पॉलिश पेपरने बैठक घासून स्वच्छ केली आणि सेन्सर जागेवर नीट बसवला. बंदरालगत राहणाऱ्यांनीही ही जागा पाहावी, असे मला वाटते.

धागाकर्ता

दिवा लागलेला असताना गाडी चालवावी का, असे काहींनी विचारले आहे. केवळ ट्रॅक्शनचा दिवा असेल, तर नेहमीचे ब्रेक लागतात, पण ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवावा. एबीएससोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी बाजूला थांबवून ब्रेक ऑइलची पातळी पाहावी आणि तपासणीविना पुढे जाऊ नये. फ्यूज काढून दिवा विझवण्याचा सल्ला मला अजिबात मान्य नाही, कारण त्याने एबीएसही बंद पडू शकते. स्वस्त ब्लूटूथ उपकरणे बहुतांशी इंजिनचेच कोड दाखवतात, म्हणून त्यांनी 'दोष नाही' म्हटले तरी एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर शोधावा.

कोल्हापूर

माझा अनुभव थोडा निराळा आहे. ट्रॅक्शनच्या दिव्यासोबत इंजिनचाही दिवा होता, आणि मी महिनाभर चाकांचे सेन्सरच तपासत बसलो. दोष इग्निशन कॉइलमध्ये (इंजिनात ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागात) होता. चाक घसरल्यावर इंजिनची शक्ती कमी करणे हे ट्रॅक्शन कंट्रोलचे एक मुख्य काम, आणि इंजिनच नीट चालत नसल्याने गाडीने ती यंत्रणा स्वतःहून बाजूला ठेवली होती. कॉइल बदलून कोड पुसल्यावर दोन्ही दिवे एकदमच गेले.