धागा : कार्यकारिणी एकदम बदलावी की दर वर्षी तिसरा हिस्सा?

गोदाकाठ
नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या नागरिक मंडळाची निवडणूक जवळ आली आहे. सभासद सुमारे २००, कार्यकारिणी ९ जणांची, मुदत ३ वर्षं, आणि नऊही जागा एकाच दिवशी रिकाम्या होतात. माझा प्रस्ताव असा की दर वर्षी तीनच जागांची निवडणूक घ्यावी. राज्यसभेत आणि आपल्या विधान परिषदेत सदस्याची मुदत ६ वर्षांची असते आणि दर २ वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. सभागृह कधीच पूर्ण रिकामं होत नाही. आपल्याकडे तर पगारी कारकूनही नाही. महापालिकेच्या उद्यान विभागाशी झालेला पत्रव्यवहार, तक्रारींचे आवक क्रमांक, बँकेतल्या सह्या, हे सगळं दोन-तीन माणसांपाशी असतं आणि ती एकदम गेली की कामही जातं.

पहिल्या वर्षी नऊही जागा निवडायच्या. निकाल लागल्यावर तिथेच सर्वांसमोर चिठ्ठ्या काढायच्या : तिघांना १ वर्ष, तिघांना २, तिघांना ३. निकालाआधी मुदती ठरवू नयेत, नाहीतर लांब मुदतीच्या जागांसाठी आधीच वाटाघाटी होतात. मधेच कुणी राजीनामा दिला, तर येणाऱ्याला उरलेलीच मुदत मिळावी. बहुतेक मंडळांचं गणित इथेच मोडतं. नव्या माणसाला पूर्ण ३ वर्षं देतात, आणि मग एका साली पाच जागा निघतात तर पुढच्या साली एकच.

मोजणीवाला
विरोध. तुम्ही सातत्य पाहिलंत, प्रतिनिधित्व पाहिलं नाहीत. एका मतदाराला एकच मत धरा. २०० जणांनी मतदान केलं आणि ९ जागा असतील, तर २१ मतं मिळणारा उमेदवार हमखास निवडून येतो, कारण प्रत्येकी २१ मतं दहा जणांना मिळूच शकत नाहीत. जागा ३ केल्या की तीच हमी ५१ मतांवर जाते. म्हणजे भाडेकरू, जुन्या रो-हाऊसवाले, एखादी छोटी गल्ली अशा तीसेक मतांच्या गटाला आज एक जागा नक्की मिळेल, उद्या एकही नाही, आणि दर वर्षी तसंच. हा फार मोठा तोटा आहे.

गोदाकाठ
पण आपल्याकडे एक मत आहेच कुठे? प्रत्येकाला नऊ मतं आहेत. १०१ जणांचं पॅनेल एकगठ्ठा शिक्के मारून नऊच्या नऊ जागा नेतं. टप्प्यांची पद्धत असेल तर त्याच पॅनेलला पाच जागांचं बहुमत मिळवायला लागोपाठ दोन वर्षं जिंकावं लागेल. एका सभेला गर्दी जमवून मंडळ ताब्यात घेता येणार नाही.

मोजणीवाला
आणि नालायक कार्यकारिणी घालवायलाही तीच दोन वर्षं लागतील! मग अविश्वासाचं कलम आधी लिहा : एक पंचमांश सभासदांच्या सह्या, ३० दिवसांत विशेष सभा, गुप्त मतदान. त्याशिवाय माझा पाठिंबा नाही.

माजी चिटणीस
कागदपत्रांचा विचार कुणीच केलेला दिसत नाही. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल, तर कार्यकारिणीतल्या प्रत्येक बदलाचा बदल अर्ज सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. सोबत सभेची सूचना, इतिवृत्त, नव्यांची संमतीपत्रं. दर वर्षी तीन माणसं बदलली की दर वर्षी अर्ज. एक राहिला की पुढचे लटकतात, कारण ज्यांनी सभा बोलावली त्यांचीच नोंद झालेली नसते. अनेक बँकाही नोंद दाखवल्याशिवाय सह्या बदलत नाहीत. सातत्यासाठी केलेल्या बदलाने खातंच अडकेल.

पाथर्डी फाटा
मुदतीवर एवढं भांडताय, पण मतदार यादीच चुकीची असेल तर दोन्ही पद्धती सारख्याच वाईट. मतदानाच्या ९० दिवस आधी नाव आणि वर्गणी जमा असलेलाच मतदार. नाहीतर शेवटच्या आठवड्यात चाळीस नवे सभासद उगवतात. कच्ची यादी फलकावर, हरकतींना १५ दिवस, मगच पक्की यादी. निवडणूक अधिकारी शेजारच्या कॉलनीतला घ्या. उमेदवार किंवा त्याचा नातेवाईक नको. दुसऱ्याच्या नावाने मतदान पूर्ण बंद. मतदाराची सही यादीवर, अधिकाऱ्याची सही मतपत्रिकेच्या मागे, आणि मतपत्रिकेवर कुठलाही क्रमांक नको. मोजणीआधी पेटीतल्या मतपत्रिका आणि यादीवरच्या सह्या जुळल्या पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मतदानाची सूचना कृपया कुणी आणू नये. तिथे कुणी कुणाला मत दिलं ते सगळ्या गल्लीला दिसतं.

माजी चिटणीस
हे शंभर टक्के मान्य. मुदतीबाबत माझा पर्याय : ४ वर्षांची मुदत, दर २ वर्षांनी आधी ४ जागा, मग ५. बदल अर्जांची संख्या निम्मी होते, आणि निम्म्याच्या आसपास जुनी माणसं कायम राहतात. चिटणीस आणि खजिनदार वेगवेगळ्या तुकडीतले असावेत, हे नियमावलीतच लिहा.

मोजणीवाला
एकच मत ठेवलं तर ५ जागांना हमी ३४ मतांची, ४ जागांना ४१ ची. नऊ जागांच्या २१ पेक्षा वाईट, पण ५१ पेक्षा बरीच बरी. एक मत आणि अविश्वासाचं कलम ही दोन्ही असतील तर मी विरोध मागे घेतो. नऊ मतांची सवय सोडायला पॅनेलवाले तयार होतील का, हा खरा अडथळा.

गोदाकाठ
४ आणि ५ मला चालेल. चार वर्षं कबूल करणारे स्वयंसेवक मिळणं अवघड जाईल, ही शंका मात्र राहते. राजीनामे वाढले तर उरलेल्या मुदतीचा नियम आणखी कडक पाळावा लागेल. एकच मत ठेवायचा प्रस्ताव मुदतीच्या प्रस्तावापासून वेगळा मांडू या, म्हणजे एक पडला तरी दुसरा वाचेल. नियमावलीची दुरुस्ती आधी, निवडणूक नंतर. आणि तारीख ठरवताना २०२७ चे ऑगस्ट-सप्टेंबर टाळा. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या स्नानांच्या काळात रस्ते बंद असतील, आपली निम्मी माणसं बंदोबस्तात आणि सेवेत असतील, आणि कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेत नवी पद्धत सुरू करणं योग्य नाही.