गच्चीवरच्या टाकीवर ठिबक नीट चालत नाही, उन्हाळ्यात बाहेरचं पाणी कसं वाचवू?

अंगणातली_तुळस (प्रश्न)

घराबाहेरचा पाणीवापर निम्म्यावर आणायचाय. ३० चौ. मी. हिरवळ (दूर्वा), चार वर्षांची ४ फळझाडं, १२ इंची ३५ कुंड्या. झाडं आणि हिरवळ नळीवर, रोज साधारण अर्धा तास. कुंड्यांसाठी ५०० लिटरच्या टाकीवरून ठिबक टाकलंय. टाकीचा तळ कुंड्यांच्या ३ मीटर वर, १६ मिमीची एकच लांब नळी, ताशी ४ लिटरचे प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे) ड्रिपर. पहिल्या सात-आठ कुंड्या भिजतात, शेवटच्या दहा कोरड्या ठाक, म्हणून तिथेही नळीच फिरवावी लागते. मोटर बसवायची नाही. वॉशिंग मशीनचं पाणी बागेला चालेल का?

मोजून_पाणी

ठिबकचं कोणीतरी सांगेलच, मी हिशेबाचं सांगतो. नळीखाली १० लिटरची बादली धरा आणि सेकंद मोजा. ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर, म्हणजे अर्ध्या तासात ४५० लिटर.

आता गरज बघा. १२ इंची कुंडीला कडक उन्हात दिवसाला एक ते दीड लिटर, म्हणजे ३५ कुंड्यांना पंचेचाळीसच्या आसपास. झाडाला दर पाच दिवसांनी ५० लिटर, चार झाडांचे दिवसाला सरासरी ४०. झाले ८५. उरलेलं सगळं हिरवळीत आणि फरशीवर जातंय.

तेव्हा कात्री हिरवळीलाच लावा. १ चौ. मी. वर १ मिमी पाणी म्हणजे १ लिटर. रोज ५ मिमी दिलं तरी ३० चौ. मी.ला दीडशे लिटर लागतात. दूर्वा पाण्याविना तपकिरी पडते, पण मुळं आणि गाठी जिवंत असतात. तीन आठवड्यांतून एकदा १० मिमी, म्हणजे ३०० लिटर द्या. कापू नका, खत घालू नका, तुडवू नका. रुंद पानांच्या जातींना मात्र हा सल्ला लागू नाही, त्या मरतात.

झाडांचं आळं खोडाशी नको. पाणी शोषणारी बारीक मुळं पानांच्या घेराच्या कडेखाली जास्त असतात, तिथे गोल चर काढा. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई खुपसून बघा. २५-३० सेमी सहज गेली तर पुरेसं झालं, १० सेमीवर अडली तर वरवरच भिजलंय. वर ७-८ सेमी पालापाचोळा पसरा, पण खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते.

ठिबक_कारागीर

दोष नळीचा नाही, ड्रिपरचा. ३ मीटर उंची म्हणजे जेमतेम ०.३ बार दाब. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपरमधला रबरी पडदा नीट चालायला साधारण अर्धा ते एक बार लागतो. त्याखाली काही थेंबही सोडत नाहीत, काही मनाला येईल तसे वाहतात. दुकानात हाच ड्रिपर ‘भारीतला’ म्हणून गळ्यात मारतात, आणि टाकीच्या दाबावर तोच नडतो.

साधे, पडदा नसलेले ड्रिपर लावा. ४ लिटरचा (हा आकडा १ बार दाबाचा असतो) ड्रिपर ०.३ बारला ताशी सव्वादोन लिटरच्या आसपास देईल, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. अर्धा तास चालवलंत की कुंडीला लिटरभर मिळतं.

नळीचं शेवटचं टोक एंड कॅपने बंद न करता परत सुरुवातीच्या टी-जोडाला (T आकाराच्या सांध्याला) जोडा. अशा रिंगमध्ये पाणी दोन्हीकडून येतं आणि शेवटची कुंडी उरतच नाही. नळीतला गाळ काढायला एक फ्लश कॉक मात्र ठेवा. नळी मध्येच उंच चढून खाली उतरू देऊ नका, त्या कमानीत हवा अडकते आणि पुढचं पाणी थांबतं. कठड्यावरच्या कुंड्यांची वेगळी लाइन काढा. एक मीटर उंची वाढली की ०.१ बार गेलाच. १२० मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर टाकीच्या कॉकनंतर बसवा आणि आठवड्याला धुवा. इतक्या कमी दाबाचं पाणी अडवायला अर्धवट तुंबलेली जाळीही पुरते.

तपासायला ड्रिपरखाली ६ मिनिटं वाटी धरा. जितके मिली भरतील त्याच्या दसपट ताशी प्रवाह. पहिल्या आणि शेवटच्या कुंडीत दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो.

माती_आणि_मुळं

मशीनचं पाणी चालतं, पण सरसकट नाही. पावडरीत सोडियम भरपूर असतो. तो साचला की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि पाणी वर तळं करून उभं राहतं. शेवटच्या खंगाळण्याचंच पाणी घ्या, ब्लीच वापरलं असेल तर तेही नको. फक्त झाडांच्या आळ्यात, तेही एकाआड एक पाळीला. कुंड्यांत आणि पालेभाजीवर नाही. २४ तासांच्या आत संपवा, नंतर वास मारतं. ठिबकमध्ये तर मुळीच सोडू नका, कपड्यांच्या तंतूंनी एका दिवसात ड्रिपर बसतील.

एसीच्या नळीचं पाणी कुंड्यांना बिनधास्त घाला, त्यात क्षार नसल्यातच जमा.

अंगणातली_तुळस

रिंग केली, साधे ड्रिपर लावले. वाटीत पहिल्या कुंडीला २१०, शेवटच्या कुंडीला १९५ मिली. पण पाच-सहा कुंड्यांत पाणी लगेच तळातून बाहेर येतं आणि माती आत कोरडीच. असं का?

माती_आणि_मुळं

कुंडीतल्या मातीत मिसळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. माती आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून निसटतं. कुंडी अर्ध्या उंचीपर्यंत पाण्याच्या टबात ठेवा. बुडबुडे थांबून वरची माती काळी दिसेपर्यंत, साधारण अर्धा तास. मग फट मातीने भरा आणि ड्रिपर भिंतीशी न ठेवता बुंध्यापासून चार बोटांवर रोवा. टबातलं उरलेलं पाणी पुढच्या कुंडीला चालेल, फक्त रोगट कुंडी शेवटी बुडवा.

मोजून_पाणी

२१० आणि १९५ म्हणजे उत्तम. आता टाकीचा बॉलकॉक बघा. टाकी भरल्यावर ओव्हरफ्लोच्या नळीखाली १० मिनिटं मग ठेवा. १०० मिली साचलं तर दिवसाला १४ लिटर वाहून जातायत. बहुतेक वेळा आतला वायसर झिजलेला असतो.